घाटघरला वीज बनते त्यापेक्षा जास्त खर्च होते, मग तो ऊर्जास्रोत कसा?

भंडारदऱ्याचा_रस्ता

मुलगी दहावीला आहे, स्टेट बोर्ड, मराठी माध्यम. विज्ञानात सध्या ऊर्जेचा भाग चालू आहे, कोळसा, अणू, पाणी, वारा, सूर्य, प्रत्येकाचा रूपांतरणाचा फ्लोचार्ट काढायचा आणि मग कुठला स्रोत नूतनीकरणक्षम, कुठला नाही याचा तक्ता. तिचं हे सगळं पाठ आहे. पण मध्ये घाटघरला गेलो होतो तिथे तिला कळलं की खालच्या धरणातलं पाणी पंपाने डोंगरावरच्या धरणात चढवतात आणि नंतर तेच पाणी खाली सोडून वीज तयार करतात, आणि चढवायला जेवढी वीज लागते त्यापेक्षा कमीच परत मिळते. तेव्हापासून ती माझ्या मागे लागलीय. ऊर्जा नष्ट होत नाही असं पुस्तक म्हणतं मग मधली ऊर्जा जाते कुठे? तोटाच होणार हे माहीत असून एवढा डोंगर कशाला पोखरला? आणि तिच्या त्या तक्त्यात घाटघर लिहायचं कुठल्या रकान्यात?

मी कॉमर्सवाला, पहिल्या प्रश्नालाच माझी गाडी अडते. "परीक्षेला येणार नाही, सोड" असं मला तिला सांगायचं नाहीये, प्रश्न चांगले आहेत. कोणी नीट समजावून सांगेल का? आकडे दिले तरी चालतील, गणित तिचं पक्कं आहे.

टर्बाइनवाला

दादा, मुलीला आधी शाब्बासकी द्या, कारण तिने जे पकडलंय ते खरंच आहे. मी जलविद्युत केंद्रांवर काम केलंय, घाटघरला नाही पण यंत्रं याच जातीची, तेव्हा आधी तिथे होतं काय ते सांगतो.

वर अकोले तालुक्यात घाटघरचं धरण, खाली शहापूर तालुक्यात चोंढ्याला दुसरं धरण, आणि मध्ये सह्याद्रीचा कडा. पॉवर हाऊस डोंगराच्या पोटात आहे. १२५ मेगावॅटचे दोन संच, म्हणजे एकूण २५०. यातली गंमतीची गोष्ट ही की पंप वेगळा आणि टर्बाइन वेगळं असं नाही, एकच मशीन आहे, एका बाजूला फिरवलं की पंप आणि उलटं फिरलं की टर्बाइन, आणि वर जोडलेलं जे जनित्र आहे तेच पंपिंगच्या वेळी मोटर होतं.

आता गणित. दोन्ही पाण्यांतल्या उंचीचा फरक, ज्याला आम्ही हेड म्हणतो, तो साधारण ४१० मीटर धरा. एक घनमीटर पाणी म्हणजे हजार लिटर, वजन १००० किलो. mgh करा, १००० × ९.८ × ४१० = जवळपास ४० लाख ज्यूल. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल, म्हणजे हे झालं १.१ युनिट, आणि त्यातून यंत्राची घट वजा केली की हातात येतं एक युनिट. लक्षात ठेवायला एकदम सोपं, हजार लिटर पाणी खाली आलं की एक युनिट वीज. २५० मेगावॅट पूर्ण क्षमतेने चालवायचे तर सेकंदाला ७० हजार लिटरच्या आसपास पाणी सोडावं लागतं, आणि सहा तास चालवलं तर १५ लाख युनिट. (मुलीला एवढं मात्र पक्कं करून द्या की मेगावॅट हा वेग आहे आणि युनिट ही रक्कम, मोठी माणसंसुद्धा सर्रास गल्लत करतात.)

आता तोटा. खाली येताना समजा ९० टक्के हाती लागतात, वर चढवतानाही साधारण तेवढेच, ९० चे ९० टक्के म्हणजे ८१, त्यात बोगद्यातलं आणि पेनस्टॉकमधलं (टर्बाइनपर्यंत पाणी आणणाऱ्या मोठ्या पाइपमधलं) घर्षण दोन्ही वेळा, ट्रान्सफॉर्मर, बाकी किरकोळ. अशा प्रकल्पांना एकूण १०० युनिट घातले की ७५ ते ८० परत मिळतात. तोटा आहेच, तो लपवायचं कारण नाही.

तरी करतात कारण विजेची मागणी दिवसभर सारखी नसते आणि ग्रिडमध्ये जेवढी मागणी तेवढंच उत्पादन त्याच क्षणी लागतं, नाहीतर फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झवरून हलायला लागते. रात्री दोन वाजता लोक झोपलेले असतात पण कोळशाचा बॉयलर काय बटण दाबून बंद करता येत नाही, थंड पडला की परत पेटवून लोडवर आणायला कित्येक तास जातात. मग ती रात्रीची नको असलेली वीज वापरून पाणी वर टाकायचं आणि संध्याकाळी सात वाजता घरोघरी दिवे, पंखे, मिक्सर चालू झाले की सोडायचं, जलविद्युत संच काही मिनिटांत लोड घेतो. घरचा इन्व्हर्टर कसा, त्याची बॅटरीसुद्धा घातलेली सगळी वीज परत देत नाही, पण लाइट गेल्यावर तीच कामाला येते. हल्ली तर दुपारी सौर वीज इतकी येते की काही वेळा ती घ्यायला कोणी नसतं, तेव्हा पंपिंग दुपारी करण्यात शहाणपण आहे.

शिक्षिका_नाशिक

नमस्कार. नववी-दहावीला विज्ञान शिकवते. टर्बाइनवाला सरांनी यंत्राचं छान सांगितलं, मी तिच्या पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाकडे वळते, कारण मुलं इथेच अडखळतात.

ऊर्जा जाते कुठे? उष्णतेत. बोगद्याच्या भिंतीला घासताना, पात्यांजवळ भोवरे उठताना, बेअरिंगमध्ये, जनित्राच्या तांब्याच्या गुंडाळ्यांमधून विद्युतधारा जाताना. थोडीशी आवाज आणि कंपनात जाते पण तीही शेवटी उष्णताच होते. मुलं लगेच विचारतात की मग पाणी गरम का लागत नाही, तर ते गणित करूनच दाखवावं. वर काढलेले ४० लाख ज्यूल घ्या आणि समजा वीज काहीच काढली नाही, सगळीच्या सगळी ऊर्जा त्या हजार किलो पाण्यात उष्णता म्हणून गेली. पाण्याची विशिष्ट उष्माधारकता ४१८६ ज्यूल प्रति किलो प्रति अंश. भागाकार केला की उत्तर येतं ०.९६. म्हणजे चारशे मीटरचा कडा कोसळूनही पाणी एक अंशसुद्धा तापत नाही! आणि प्रत्यक्षात वाया जाणारा हिस्सा दहा-पंधरा टक्के, म्हणजे तापमानातला फरक एक दशांश अंशाच्या आसपास, हाताला कळणं शक्यच नाही. ऊर्जा आहे, मोजली तर सगळा हिशोब जुळतो, पण इतकी विखुरलेली आहे की तिच्याकडून परत काम करून घेता येत नाही. उत्तरपत्रिकेत "ऊर्जा नष्ट झाली" असं कोणी लिहिलं की मी लाल शाईने गोल करते, "निरुपयोगी रूपात गेली" असं लिहिलं तर पूर्ण मार्क.

हेच गणित तिला घरच्या गच्चीवरच्या टाकीचं करायला सांगा. हजार लिटरची टाकी, उंची समजा १२ मीटर. mgh येतं १,१७,६०० ज्यूल, म्हणजे ०.०३३ युनिट. अख्खी टाकी रिकामी केली तर त्यात ९ वॅटचा एक एलईडी बल्ब जेमतेम साडेतीन तास चालेल, तोही यंत्रात काही घट नसेल तर. वर्गात हे फळ्यावर केलं की मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात, आणि चारशे मीटरचा कडा आणि धरणभर पाणी का लागतं हे वेगळं सांगावं लागत नाही.

आणि तो तक्ता. घाटघर कुठल्याच रकान्यात बसत नाही, कारण तो स्रोत नाही, ती साठवण आहे. स्रोत म्हणजे जिथून आपल्याला नवी ऊर्जा मिळते. तिने फ्लोचार्ट काढताना डावीकडून सुरुवात करावी, "विद्युत ऊर्जा → पंपाची गतिज ऊर्जा → वरच्या पाण्यातली स्थितिज ऊर्जा → वाहत्या पाण्याची गतिज ऊर्जा → टर्बाइनची गतिज ऊर्जा → विद्युत ऊर्जा", आणि प्रत्येक बाणाखाली एक छोटा बाण उष्णतेकडे. सुरुवातही विजेने आणि शेवटही विजेने, यातच उत्तर आलं. पुस्तकातल्या जलविद्युतच्या फ्लोचार्टला सुरुवातीला वीज नसते.

वाशिष्ठीकाठी

बाईंनी शेवटी जे लिहिलंय ना, त्याला आमच्याकडचं उदाहरण जोडा, मग फरक लख्ख दिसेल. मी चिपळूणचा. कोयनेचं पाणी कोणी पंप लावून वर नेत नाही. अरबी समुद्रावरून ढग येतात, नवजा-महाबळेश्वर पट्ट्यात धो धो कोसळतात, शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, भरतो, साधारण १०५ टीएमसी (अब्ज घनफूट). ते पाणी वर कोणी चढवलं? सूर्याने. समुद्राचं पाणी वाफ करून सह्याद्रीवर नेऊन टाकायचं काम तो फुकट करतो, म्हणून कोयना स्रोत. घाटघरला तेच काम आपण आपली वीज खर्चून करतो, म्हणून ती साठवण. पात्याला काय, पाणी पावसाचं की पंपाचं हे कळत नाही.

आणि कोयनेची अजून एक गोष्ट मुलीला सांगा कारण ही बघण्यासारखी आहे. नदी मूळची पूर्वेला वाहणारी, कराडला कृष्णेला मिळते. पण वीज करायची म्हणून पाणी डोंगरातून बोगद्याने पश्चिमेला वळवलं, पोफळीला खाली आणून पहिल्यांदा वीज केली, मग ते कोळकेवाडीच्या धरणात अडवलं आणि अलोऱ्याला त्याच पाण्यावर परत वीज, आणि मग वाशिष्ठीतून समुद्राला. पायथ्याचं छोटं केंद्र धरून सगळं मिळून १९६० मेगावॅट. उन्हाळ्यातसुद्धा वाशिष्ठीला पाणी असतं ते यामुळेच. पण किती वळवायचं याला मर्यादा आहे, कृष्णा पाणीतंटा लवादाने ६७.५ टीएमसीची ठरवून दिलेली, कारण तेच पाणी पूर्वेकडच्या शेतीलाही हवंय. नूतनीकरणक्षम म्हणजे हवं तेवढं असं नव्हे, वर्षाला पाऊस देईल तेवढं आणि वाटणीला येईल तेवढं. हे वाक्य तक्त्यात नसतं पण असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

वर्धा_खोरं

चंद्रपूरकडचा आहे म्हणून कोळशाचं सांगतो, ७५ टक्के परत मिळतात याला लोक तोटा म्हणतात तर आमच्याकडचं बघा. चंद्रपूरचं महाऔष्णिक केंद्र २९२० मेगावॅटचं. औष्णिक केंद्रात कोळशातल्या १०० भाग ऊर्जेपैकी वीज होते साधारण ३५ भाग, बाकी सगळी उष्णता, काही चिमणीतून, आणि बरीचशी कंडेन्सरच्या (वाफेचं परत पाणी करणाऱ्या भागाच्या) पाण्यातून कूलिंग टॉवरमार्गे हवेत. लोकं त्या मोठ्या टॉवरमधून निघतं त्याला धूर समजतात, तो धूर नाही, बाष्प आहे, धूर त्या उंच बारीक चिमणीतून जातो. जी ऊर्जा विजेत नाही आली ती डोळ्यांना दिसते ती तिथे.

बाई म्हणतात तसं स्रोत आणि साठवण याची तुलना सरळ करता येत नाही हे मान्य, पण त्यातूनच एक मुद्दा निघतो जो कोणी बोलला नाही. पंपाला दिलेली वीज जर रात्री कोळशातून आली असेल तर ३५ चे ७५ टक्के म्हणजे मूळ कोळशातल्या १०० पैकी २६ भागच तुमच्या संध्याकाळच्या पंख्यापर्यंत पोचले. अशा विजेला हरित म्हणायचं का? मी नाही म्हणणार. दुपारच्या उन्हातून आलेली असेल तर म्हणेन. साठवणीला स्वतःचा रंग नसतो, आत काय भरलं त्यावर ठरतं. सह्याद्रीत गेल्या काही वर्षांत अशा बऱ्याच प्रकल्पांचे करार झालेत, तेव्हा हा प्रश्न दहावीपुरता नाही, आणि जंगल, गावं, झरे यांचाही हिशोब त्यात धरावा लागेल.

आमचा कोळसा गोंडवनातला, २५ कोटी वर्षांहून जुना. तोही एका अर्थी उन्हाची साठवणच, तेव्हाच्या झाडांनी केलेली. पण ती परत भरायला कोण थांबणार.

टर्बाइनवाला

@वर्धा_खोरं पटलं, मी ते वेगळं लिहायला हवं होतं इतका महत्त्वाचा मुद्दा आहे. दुपारच्या पंपिंगकडे सगळ्यांनी आता त्याचसाठी बघायला हवं.

भंडारदऱ्याचा_रस्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. टाकीचं गणित तिने रात्रीच केलं, आमची टाकी पाचव्या मजल्याच्या वर आहे तरी उत्तर ०.०४५ युनिट आलं, आजोबांना जाऊन दाखवलं. आता तिचे पुढचे दोन प्रश्न. एक, व्हॉट्सअॅपवर एक व्हिडिओ फिरतोय ज्यात मोटर पंप फिरवते, पंप पाणी वर टाकतो, पाण्यावर छोटं टर्बाइन आणि त्या विजेवर परत तीच मोटर, वर एक बल्बही पेटतो, बाहेरची वीज नाही. तिचं म्हणणं हे खोटं आहे, बरोबर ना? दोन, बाईंना, सगळं सूर्यापासूनच येतं का मग?

शिक्षिका_नाशिक

अगदी बरोबर आहे तिचं, आणि तिने ते कसं ओळखलं ते तिच्याच शब्दांत वहीत लिहून ठेवायला सांगा. १०० दिले की ७५ येतात हे उत्तम यंत्रांचं, छोट्या खेळण्यासारख्या पंपाचं आणि टर्बाइनचं निम्मंही येणार नाही, मग दुसऱ्या फेरीला त्याचं निम्मं, काही क्षणांत पाणी थांबणारच. बल्ब पेटत राहतोय म्हणजे कुठेतरी बॅटरी किंवा वायर लपवलेली आहे.

दुसऱ्याचं उत्तर, जवळजवळ सगळं. वारा जमीन असमान तापल्यामुळे, पाऊस वाफेमुळे, कोळसा आणि खनिज तेल जुन्या जिवांमुळे, लाकूड आणि बायोगॅस आजच्या. अपवाद तीन लिहून ठेवावेत. तारापूरला १९६९ पासून वीज होतेय ती युरेनियमच्या अणुकेंद्रातल्या ऊर्जेतून. भरती-ओहोटीची ऊर्जा मुख्यतः चंद्राच्या ओढीमुळे. आणि भूऔष्णिक, जमिनीच्या पोटातली. यात तारापूर आणि चंद्रपूर यांचे फ्लोचार्ट तिने शेजारी शेजारी काढून बघावेत, उष्णतेच्या पुढे वाफ, टर्बाइन, जनित्र सगळं सारखं येईल, फरक फक्त पहिल्या चौकटीत. सौर पॅनेलला मात्र टर्बाइनही नाही आणि जनित्रही नाही, प्रकाश ऊर्जेतून थेट विद्युत ऊर्जा, एकच बाण. तिथे मुलं सवयीने टर्बाइन काढून ठेवतात आणि हातचा मार्क घालवतात.