माणदेशाची हद्द नेमकी कुठं? मदत हवी आहे

माणदेशाचा, म्हणजे सातारा-सांगली-सोलापूरच्या सीमेवरच्या दुष्काळी मुलखाचा, नकाशा करतोय, पश्चिमेची रेघ जमत नाही. माण, आटपाडी, सांगोला यांवर वाद नाही. माणगंगेचं खोरं तिथंच, पाणी पुढं भीमेला. अडतं ते खटावपाशी. दुष्काळ तोच, बोलीही जवळची, पण तिथल्या वडूजची येरळा नदी कृष्णेला मिळते. कवठेमहांकाळची अग्रणीही तशीच. पाणलोट धरला तर हे दोन्ही तालुके सुटतात. पाऊस धरला तर माणदेश जतपर्यंत पसरतो, आणि जतच्या पूर्वेला लोक कन्नड बोलतात! तालुक्याची सीमा धरूच नये, ती महसुलाची.

खटाव-माण शिवेवरच्या आणि विटा-आटपाडी रस्त्यालगतच्या मंडळींनी कृपया सांगा: जुनी माणसं स्वतःला माणदेशी म्हणवतात, की ‘तिकडं माणदेशात’ म्हणतात? सोबत गाव आणि तिथला ओढा कुठल्या नदीला मिळतो, तेही लिहा.