क्विक हिच घेताना काय मोजायचं?

प्रश्न: कॅटेगरी १ चा (अवजार जोडायच्या पिनांचं एक ठरलेलं माप) ट्रॅक्टर आहे. रोटाव्हेटर, पलटी नांगर आणि ब्लेड वारंवार बदलावे लागतात. क्विक हिच (ट्रॅक्टरच्या मागच्या तीन लिंकांवर बसणारी हुकांची चौकट, जिच्यात अवजार पटकन अडकतं) सगळ्यांना बसेल का?

उत्तर १: आधी प्रत्येक अवजाराचं टेपने माप घ्या. खालच्या पिना २२ मिमी, वरची १९ मिमी हवी. पण हिचचे हुक त्याहून रुंद असतात, म्हणून पिनांवर बुश (जाडी भरून काढणाऱ्या नळ्या) चढवावे लागतात. बुश नसले की अवजार खडखडतं आणि पिना झिजतात. खरी अडचण उंचीची. खालच्या पिनांपासून वरची पिन साधारण ३८ सेंमीवर लागते आणि जुन्या अवजारांत ती हमखास चुकते. वरचा हुक खाली-वर सरकणारी हिचच घ्या.

उत्तर २: रोटाव्हेटरचा मुद्दा राहिला. हिचमुळे अवजार सुमारे १० सेंमी मागे जातं, म्हणजे पीटीओ शाफ्टच्या (इंजिनाची ताकद अवजाराला देणाऱ्या फिरत्या दांड्याच्या) नळ्या एकमेकींत कमी शिरतात. कामाच्या स्थितीत निदान एक तृतीयांश लांबी आत असलीच पाहिजे, नाहीतर लांब शाफ्ट घ्या. वजन मागे सरकल्याने उचलही घटते, त्यात हिचचं स्वतःचं वजन. जड रोटाव्हेटर असेल तर पुढे वजनं लावा.

प्रश्नकर्ता: जोडण्याचा क्रम?

उत्तर १: अवजार सपाट जागी ठेवा, टॉप लिंक (तीन लिंकांतली वरची, लांबी बदलता येणारी) थोडी लांब करा. हिच खाली करून सरळ मागे या, वरचा हुक पिनेखाली आणून हळू उचला. खालच्या पिना आपोआप हुकात बसतात. मग खालच्या हुकांचे दोन्ही लॉक डोळ्यांनी तपासा. मातीने अडकलेला लॉक वरवर लागल्यासारखा दिसतो आणि बांधावर अवजार सुटतं. शाफ्ट इंजिन बंद करूनच जोडा.