क्रिटिकल पाथ ९३ टक्के म्हणतो, तरी धास्ती वाटते. पर्टचा हिशोब कुठे तपासू?

साइटवरचा_सातारकर
नमस्कार मंडळी. एका शाळेचं काम माझ्याकडे आहे. दोन वर्गखोल्यांवर स्लॅब आणि शेजारच्या प्रार्थना मंडपावर लोखंडी ट्रस. ३ एप्रिलला सुरुवात, आणि मृग लागायच्या आत म्हणजे ६ जूनपर्यंत, ६५ दिवसांत उरकायचंय. सगळे दिवस कॅलेंडरचे धरलेत.

आशावादी, बहुधा आणि निराशावादी असे तीन अंदाज घेऊन पर्टने (तीन अंदाजांवरून मुदत मोजायची पद्धत) नेटवर्क, म्हणजे कामांच्या क्रमाचा आराखडा, काढलं:

सेंटरिंग व सळई ८-१०-१८, स्लॅब भरून टेकू काढेपर्यंत १५ पक्के, वीटकाम १०-१३-२२, गिलावा ९-१२-२१, फरशी ५-७-९. एकूण सरासरी (बहुधा अंदाजाला चौपट वजन देऊन) ६० दिवस, सिग्मा म्हणजे पसारा ३.३५.

त्याच वेळी समांतर चालणारी ट्रसची वाट: ड्रॉइंगची मंजुरी ४-७-२२, फॅब्रिकेशन २४-३३-५४, उभारणी व पत्रे ९-१४-१९. सरासरी ५८, म्हणजे २ दिवस फ्लोट (सवड).

६० वाली वाट सरासरीने सर्वांत लांब, म्हणून तीच क्रिटिकल. झेड (६५ ची मुदत सरासरीपासून किती सिग्मा पुढे) १.४९, वेळेत संपायची संभाव्यता ९३ टक्के. साहेबांना हाच आकडा सांगू का? आणखी दोन गवंडी लावले तर वीटकामाचे २ दिवस वाचतील, तेही मनात आहे.

जुना_प्लॅनर
थांबा, ९३ सांगू नका. तुमची बेरीज बरोबर आहे, पण ती एकाच वाटेची आहे. काम संपायला दोन्ही वाटा संपाव्या लागतात.

ट्रसच्या वाटेचा सिग्मा काढलात का? मंजुरी (२२-४)/६ = ३, फॅब्रिकेशन ५, उभारणी १.६७. वर्ग करून बेरीज ३६.८, वर्गमूळ ६.०७. आता झेड = (६५-५८)/६.०७ = १.१५, म्हणजे ८८ टक्के. सरासरीने २ दिवस आखूड असलेली वाटच ६५ दिवसांत चुकायचा धोका जास्त आहे! क्रिटिकल पाथ आपण सरासरीवर ठरवतो, त्याला पसारा दिसत नाही. कॉलेजात पर्ट शिकवताना इथे थांबायला हवं, पण झेडचा तक्ता बघितला की धडा संपतो.

दोन्ही वाटा एकमेकींपासून स्वतंत्र धरल्या तर ०.९३ गुणिले ०.८८, साधारण ८२ टक्के. वळवाचा पाऊस दोन्हीकडचं काम एकदमच अडवतो, म्हणून गुणाकार किंचित कमी बाजूला झुकतो. तरी ९३ पेक्षा तो खऱ्याच्या कितीतरी जवळचा. साहेबांना नव्वदीतला भरवसा हवा असेल तर ६७ दिवस मागा, तिथे ९१ येतात.

आता गवंड्यांचं. त्यांनी पहिली वाट ५८ वर आली तरी एकूण ८२ चे ८६ होतात. त्याऐवजी मंजुरीच्या मागे लागा. निराशावादी २२ चे १० झाले तर त्या कामाची सरासरी ९ वरून ७ वर येते, सिग्मा ३ वरून १ वर, आणि एकूण ८९ टक्के मिळतात. तेही एका माणसाची मजुरी न वाढवता. फाइल कोणाच्या टेबलावर अडकते ते तुम्हालाच ठाऊक. ड्रॉइंग घेऊन स्वतः जा, शंका तिथेच बसून मिटवा.

अजून एक, मनापासून सांगतो. १९५७ मध्ये ड्यूपाँटमध्ये सीपीएम (क्रिटिकल पाथची पद्धत) आकाराला आलं ते कारखान्याच्या कामांसाठी, जिथे कुठल्या कामाला किती दिवस लागतात हे माहीत होतं. पर्ट पुढच्या वर्षी अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्रासाठी आलं. तिथली कामं आधी कोणी केलेलीच नव्हती, म्हणून तीन अंदाज. तुमच्या साइटवर दोन्ही प्रकार आहेत. स्लॅबचे १५ दिवस पक्के धरलेत ते योग्यच. ४.५ मीटरपेक्षा मोठ्या गाळ्याला आयएस ४५६ (काँक्रीटचं भारतीय मानक) टेकू १४ दिवस ठेवायला सांगतं, त्यात घासाघीस करूच नका. पण मंजुरी आणि फॅब्रिकेशनचे तीन आकडे कोणी दिले? फॅब्रिकेटरने तोंडी सांगितलेले ५४ असतील तर त्याच्या मागच्या दोन-तीन ऑर्डरींच्या तारखा मागवून बघा. सगळा सिग्मा त्याच्यावर उभा आहे.

कोल्हापूरची_स्ट्रक्चरल
प्लॅनर सरांशी सहमत. एक विचारते: मंडपाच्या कॉलममधले अँकर बोल्ट ट्रसच्या ड्रॉइंगप्रमाणे बसतात. कॉलम भरायचे बाकी असतील तर मंजुरीपासून कॉलमकडे एक बाण (आधी मंजुरी, मगच कॉलम) हवा, तो तुमच्या यादीत दिसत नाही. तो असेल तर मंजुरीच्या २२ दिवसांनी बाकीचीही कामं अडतील.

साइटवरचा_सातारकर
ताई, कॉलम मार्चमध्येच भरले. केमिकल अँकर (भोकात रसायनाने चिकटवायचे बोल्ट) बसवणार आहोत, भोकं पाडायचं काम उभारणीच्या १४ दिवसांत धरलंय. त्यामुळे तो बाण लागत नाही.

प्लॅनर सर, गवंड्यांचा विषय बाजूला ठेवला. फॅब्रिकेटरला मागच्या ऑर्डरींची चलनं मागितलीत. सोमवारी ड्रॉइंगचे दोन संच घेऊन मंजुरीसाठी स्वतः जातोय. साहेबांना ८२ टक्के आणि ६७ दिवस असे दोन्ही आकडे लेखी देतो.

जुना_प्लॅनर
छान. चलनं आली की आकडे इथेच टाका, नवा सिग्मा मिळून काढू.