डॉट नेटमधले जुने पासवर्ड पायथनमध्ये जुळत नाहीत

विश्रामबागकर:
नमस्कार मंडळी. सांगलीतल्या एका पतसंस्थेचं सभासद पोर्टल मी पायथनमध्ये नव्यानं लिहितोय. जुनं एएसपी डॉट नेटच्या मेंबरशिप प्रोव्हायडरवर (त्यातल्या तयार लॉगिन व्यवस्थेवर) आहे. बाकी सगळं मार्गी लागलं, गाडं लॉगिनवर अडलंय. टेबलमध्ये हॅश (पासवर्डचा उलट न फिरवता येणारा ठसा) २८ अक्षरी, सॉल्ट (हॅश करताना पासवर्डला जोडलेला यादृच्छिक भाग) २४ अक्षरी. सॉल्ट पुढे, पासवर्ड मागे, त्यावर एसएचए-१ (हॅश काढायची जुनी पद्धत), मग बेस६४ (बाईट साध्या अक्षरांत लिहायची पद्धत). चाचणी खात्याचा पासवर्ड माहीत असूनही उत्तर वेगळंच येतं.

सगळ्यांना रीसेट करायला लावा, हे कृपया सुचवू नका. सभासद पार जत-आटपाडीपर्यंत पसरलेत. बऱ्याच जणांचे मोबाइल नंबर बदललेत, कित्येक आजोबांना नातू लॉगिन करून देतो. आमच्या सोयीसाठी त्यांनी शाखेत हेलपाटे घालावेत, हे मला पटत नाही.

संगममाहुली:
सॉल्ट आधी बेस६४मधून उलगडून १६ बाईट घेताय ना? दुसरं, डॉट नेट तिथे पासवर्ड यूटीएफ-१६मध्ये (अक्षरं बाईटमध्ये मांडायची एक पद्धत) घेतं. पायथनच्या एन्कोडला काही सांगितलं नाही तर ते यूटीएफ-८ देतं. सहा इंग्रजी अक्षरांचा पासवर्ड तिकडे १२ बाईटचा, तुमच्याकडे ६चा.

विश्रामबागकर:
दादा, सॉल्ट उलगडूनच घेतलाय. यूटीएफ-१६ करूनही जुळेना. सहा अक्षरी पासवर्डची लांबी छापली तर १४ बाईट दिसतेय.

संगममाहुली:
मग सापडलं! जास्तीचे दोन बाईट म्हणजे बाईट ऑर्डर मार्क (बाईटचा क्रम सांगणारी खूण), एफएफ एफई. पायथनमध्ये नुसतं ‘यूटीएफ-१६’ लिहिलं की तो पुढे चिकटतो. ‘यूटीएफ-१६-एलई’ लिहा.

विश्रामबागकर:
जुळलं! मुद्दाम देवनागरी पासवर्ड ठेवलेलं एक खातं होतं, तेही उघडलं. मनापासून आभार दादा.

मिरजेची_ताई:
छान झालं, पण इथेच थांबू नका. एसएचए-१चा एकच फेरा म्हणजे टेबल चोरीला गेलं तर ग्राफिक्स कार्डवर सेकंदाला अब्जावधी अंदाज तपासून होतात. लॉगिन जुळलं की मूळ पासवर्ड हाताशी असतो, तेव्हाच आर्गॉन२आयडीनं (मुद्दाम संथ आणि भरपूर मेमरी घेणारी हॅश पद्धत) नवा हॅश करा. जे वर्षभर फिरकतच नाहीत त्यांचं काय, हा खरा प्रश्न. त्यांच्या २८ अक्षरी हॅशवरच आजच्या आज आर्गॉन२आयडी चालवा आणि जुना रकाना पुसा. जुना सॉल्ट मात्र जपून ठेवा, तो पडताळणीला लागेल.

त्याऐवजी बीक्रिप्ट ही दुसरी हॅश पद्धत घेणार असाल तर ७२ बाईटची मर्यादा लक्षात ठेवा. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाईट खातं, काना-मात्रा वेगळे मोजायचे. म्हणजे २४ चिन्हांत खेळ संपला.

विश्रामबागकर:
ताई, आर्गॉनच घेतो. पण सर्व्हर लहान आहे, मेमरी पुरेल?

मिरजेची_ताई:
आर्गॉन२-सीएफएफआय ही पायथनची लायब्ररी नेहमीच्या सेटिंगला एका तपासणीत ६४ एमबी घेतं. एकाच वेळी किती जण लॉगिन करतात ते लॉगमध्ये बघा. मेमरी बेताची असेल तर १९ एमबी, २ फेरे, १ थ्रेड ठेवा, ओवास्प या वेब-सुरक्षा संस्थेच्या शिफारशीत तेवढं बसतं. आणि जुने बॅकअप तपासा, एसएचए-१चे हॅश तिथे अजून आहेतच.