घारापुरीचा सुका कचरा परतीच्या लाँचने मुंबईला न्यावा का?

प्रस्ताव:
घारापुरीच्या राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर या तीन वस्त्यांत मिळून सुमारे १,२०० माणसे राहतात, पण लेणी बंद असतात तो सोमवार सोडला तर रोज गेटवेहून भरभरून लाँच येतात आणि परतताना माणसे नेतात, त्यांच्या बाटल्या मात्र बेटावरच राहतात. पायऱ्यांवरचे माकड पर्यटकाच्या हातातली बाटली हिसकावते, दाताने झाकण फिरवते, सरबत पिते आणि बाटली खालच्या झुडपांत सोडून देते, तिथे ती वेचायला कोणी उतरत नाही. म्हणून प्रत्येक लाँचला परतीच्या फेरीत सुका कचरा नेणे बंधनकारक करावे, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद (उरण):
माझा याला विरोध आहे. बेट उरण तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यात येते. गेटवेला उतरवलेली पोती मुंबई महापालिकेने का उचलावीत? शिवाय उधाणाच्या भरतीला तिवरांत अडकणारे थर्माकोल, चपला आणि पिशव्या पर्यटकांच्या नव्हेत, त्या बंदराच्या पाण्यातून येतात. चिखलाने आणि खाऱ्या पाण्याने जड झालेला तो माल भंगारवालाही घेत नाही. आधी बेटावर वर्गीकरणाची शेड आणि माकडांना उघडता येणार नाहीत अशा झाकणांच्या कुंड्या द्या, ओल्या कचऱ्याचे खत तिथेच करा. गावाने आयता कचरा सांभाळायचा आणि वर लाँचवाल्यांची मनधरणीही करायची, हे मला मान्य नाही.

प्रस्तावकर्त्याचे उत्तर:
तिवरांतल्या कचऱ्याबद्दल आपले म्हणणे खरे आहे, माझ्या प्रस्तावात तो धरलेला नव्हता. त्याचा खर्च बंदराभोवतीच्या शहरांनीच उचलायला हवा. ओल्या कचऱ्याबाबतही आपला वाद नाही. बाटल्यांचे मात्र वेगळे आहे. २०१८ मध्ये समुद्राखालच्या केबलने बेटावर कायमची वीज आली, तेव्हा शेडमध्ये बाटल्या चेपून गठ्ठे बांधणारे यंत्र आता चालू शकते, आणि चेपलेल्या बाटल्यांना लाँचमध्ये जागा फार थोडी लागते. त्याच वर्षीच्या राज्याच्या प्लास्टिकबंदीत बाटल्या परत घेण्याची तरतूद होती. तीच धक्क्यावर अनामत घेऊन राबवावी.

प्रतिसाद (उरण):
अनामत मला पटते, पण ती तिकिटाबरोबर गेटवेलाच घ्यावी आणि रिकामी बाटली दाखवल्यावर तिथेच परत करावी. धक्क्यावर हुज्जत घालायला आमच्या बायकांना उभे करू नये. त्यांची दुकाने पायऱ्यांवर आहेत.