मिठाचा सत्याग्रह आणि महाड: मोडलं नेमकं काय?

फलकवाला: शाळेच्या प्रदर्शनात 'आज्ञाभंग' या विषयावर दोन फलक करायचेत. एक महाडचा, 1927. दुसरा मिठाचा, 1930. दोन्हींवर 'अन्यायी कायदा मोडला' असं लिहिलं तर चालेल ना? मिठावर कर किती होता? आणि मुलांसमोर समुद्राच्या पाण्याचं मीठ करून दाखवायचं तर पाणी किती लागेल? घरी केलेलं मीठ कडू होतं म्हणतात, ते का?

नोंदवही: महाडच्या फलकावर 'कायदा मोडला' लिहू नका, तिथे उलटं आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा समाजसुधारक बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात 1923 लाच झाला होता, आणि महाड नगरपालिकेनेही 1924 मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला होता. म्हणजे 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतलं तेव्हा कागदोपत्री सगळं कायदेशीर होतं. मोडली ती रूढी.

खरी गंमत पुढे आहे. त्याच वर्षी नगरपालिकेने ठराव मागे घेतला. डिसेंबरात सवर्ण मंडळी 'तळं खाजगी आहे' म्हणून दिवाणी कोर्टात गेली आणि तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. महाडला भरलेल्या सत्याग्रह परिषदेला हजारो माणसं जमलेली, बहुतेकांची तळ्यावर जायची तयारी. तरी बाबासाहेबांनी कोर्टाचा हुकूम पाळला. 25 डिसेंबरला मनुस्मृती जाळली, मिरवणूक निघाली, पण पाण्याला कोणी हात लावला नाही. मुंबई हायकोर्टाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला तो 17 मार्च 1937 ला.

मार्चमधली ओंजळ सगळे दाखवतात, डिसेंबरचा संयम कोणी दाखवत नाही. माझ्या मते फलकाची अर्धी जागा त्याला द्या. मनाई मोडली असती तर भांडण सरकारशी लागलं असतं आणि रूढी नामानिराळी राहिली असती.

मिठागर: मिठाचं उत्तर. मुंबई इलाख्यात 1890 चा मीठ कायदा लागू होता. परवान्याशिवाय मीठ करणं तर सोडाच, किनाऱ्यावर आपोआप साचलेलं उचलणंही गुन्हा. कर मणाला सव्वा रुपया. चाळीस शेरांचा मण धरा, म्हणजे शेराला (साधारण 930 ग्रॅमला) अर्धा आणा, सहा पै; आण्याचे बारा पै.

प्रयोगाला 10 लिटर पाणी पुरे. खाडीच्या तोंडाचं किंवा पावसाळ्यातलं नको, त्यात गोडं पाणी मिसळलेलं असतं. लिटरमागे सगळे क्षार मिळून साधारण 35 ग्रॅम, त्यात खायचं मीठ 27 च्या आसपास. जाड फडक्यातून दोनदा गाळा. स्टीलचं पातेलं घ्या, ॲल्युमिनियमला खड्डे पडतात. पाणी आटून दोन-तीन लिटरवर आलं की पांढुरका गढूळपणा दिसतो. ते मीठ नाही, जिप्सम आहे, म्हणजे कॅल्शियमचा क्षार. पुन्हा गाळा, नाहीतर मीठ कचकच लागतं. एक लिटरच्या आसपास खऱ्या मिठाचे दाणे धरायला लागतात. इथून आच मंद.

सगळे चुकतात ते इथेच: पातेलं कोरडं होईपर्यंत आटवतात. शेवटच्या पाण्यात मॅग्नेशियमचे क्षार उरतात. कडवटपणा त्यांचाच, आणि मीठ दोन दिवसांत ओलं होतं तेही त्यांच्यामुळेच. पाव लिटर उरलं की थांबा, मीठ फडक्यावर निथळा, उरलेलं पाणी टाकून द्या.

अगदी सगळं हाती लागलं तरी 270 ग्रॅम. त्यावरचा 1930 चा कर पावणेदोन पै! पातेल्याशेजारी हा हिशेब लिहून ठेवा.

फलकवाला: वा, महाडचा फलक बदलतो. पण पावणेदोन पैंसाठी तुरुंग, हे मुलांना कसं पटवायचं?

नोंदवही: रक्कम क्षुल्लक होती म्हणूनच तर मीठ निवडलं. घरातली बाईसुद्धा चुलीवर गुन्हा करू शकत होती. समुद्र नाही तिथे राखीव जंगलातलं गवत कापून जंगल कायदा मोडायचा: जुलै 1930 मध्ये विदर्भातल्या पुसदला लोकनायक बापूजी अण्यांनी तेच केलं. 'सविनय' म्हणजे नुसतं नम्रपणे बोलणं नव्हे. 2 मार्चला गांधींचं व्हाइसरॉयला आधी पत्र, मग उघड्यावर कायदेभंग, अटकेला विरोध नाही, कोर्टात सुटकेची धडपड नाही. लपूनछपून केलेलं मीठ ही नुसती करचुकवेगिरी.

उलटतपासणी: एक भर. गांधींना पकडलं ते मीठ कायद्याखाली नव्हेच. मे 1930 मध्ये 1827 चं जुनं रेग्युलेशन काढून येरवड्यात ठेवलं, कारण त्यात खटलाच चालवावा लागत नव्हता. आणि 'कायदा रद्द झाला' असंही लिहू नका. मार्च 1931 च्या गांधी-आयर्विन करारात किनाऱ्याजवळच्या गावांना घरच्या वापरापुरतं आणि गावातल्या गावात विकण्यापुरतं मीठ करायची सवलत मिळाली, एवढंच. कर गेला 1947 मध्ये.

मिठागर: आणि जिप्सम गाळताना फडकं बदला, तेच वापरलं की पुन्हा पातेल्यात येतं.