फ्लॅट घेण्याआधी विश्वामित्री नदी बघा
बदलीवर बडोद्याला येताना नदीकाठच्या अकोटा भागात घर घ्यावं का, असं एकाने विचारलंय. शाळा-बाजार नंतर, आधी विश्वामित्री बघा. शहरातल्या काळाघोडा पुलापाशी नदीची धोक्याची पातळी 26 फूट. ऑगस्ट 2024 मध्ये पाणी 35 फुटांच्याही वर गेलं होतं. वरच्या अंगाला आजवा सरोवर, त्याचं पाणी नदीत येतं, त्यामुळे शहरातला पाऊस थांबला तरी नदी चढत राहते.

नुसता मजला विचारू नका. वीजमीटर, पाण्याची मोटर, लिफ्टचा पॅनल कुठे बसवलाय ते खाली उतरून बघा. हे बुडालं की पाचव्या मजल्यावरही ना दिवे, ना पाणी. पार्किंगच्या भिंतीचा फक्त खालचा पट्टा नव्याने रंगवलेला दिसला, तर पाणी कुठवर आलं होतं ते वॉचमनला जरूर विचारा. गाडीच्या विम्यात इंजिन प्रोटेक्शन (पाणी शिरून इंजिन बिघडलं तर भरपाई देणारं जादा कव्हर) घ्याच, आणि पाण्यात बुडालेली गाडी स्टार्ट करू नका. मराठी शेजार हवा तर दांडिया बाजार.